चांदीच्या डॉलरचे मोल

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या छंदाविषयी किंवा अभ्यासाविषयी बोलावे, अशी या व्याख्यानमालेच्या संयोजकांची इच्छा आहे. त्यानुसार मी नाणकशास्त्राचा एक लहानसा कोपरा निवडला आहे : जुनी अमेरिकन चांदीची नाणी. मराठी शाळेच्या उत्सवात शिवराई किंवा होन सोडून डॉलरचा विचार कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. त्याला दोन कारणे आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज अमेरिकेत स्थायिक आहेत. सुट्टीत येताना कोणी एखादा जुना चांदीचा डॉलर भेट म्हणून आणतो, तो कपाटात जातो किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात बसतो. पुढे केव्हातरी प्रश्न उपस्थित होतो, 'याची किंमत काय?' हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, या डॉलरच्या इतिहासात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. तो लक्षात घेतल्याशिवाय 'किंमत काय' या प्रश्नाचे पुरते उत्तर देता येत नाही.

या प्रश्नाला एक उत्तर नसते. नाण्यावर छापलेली किंमत एक, त्यातील धातूची किंमत दुसरी आणि संग्राहक देतो ती तिसरी. पहिली कायद्याने ठरते, दुसरी बाजाराने. तिसरी मात्र त्या नाण्याचे पुढे काय झाले यावर ठरते. माझे आजचे सारे बोलणे या तिसऱ्या किमतीसाठी आहे. परंतु पाया म्हणून धातूपासून आरंभ करू.

अमेरिकेने १७९२ च्या कायद्याने आपले चलन ठरवले आणि एका डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असावी असा नियम केला. हे प्रमाण पुढे चांदीचे डॉलर चलनासाठी पाडले जात होते तोपर्यंत, म्हणजे १९३५ पर्यंत, टिकले. १८३७ पासून नाण्याचा कस शेकडा ९० ठरला. उरलेला दहावा हिस्सा तांब्याचा, कारण निव्वळ चांदी मऊ असते आणि वापराने लवकर झिजते. अशा डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम असते आणि त्यात २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी असते. याच कसाची लहान नाणी म्हणजे अर्धा डॉलर (१२.५ ग्रॅम), क्वार्टर म्हणजे पाव डॉलर (६.२५ ग्रॅम) आणि डाइम म्हणजे दशांश डॉलर (२.५ ग्रॅम). हिशेब करून पाहिल्यास एक गंमत दिसते. दहा डाइममध्ये मिळून साडेबावीस ग्रॅम चांदी भरते, म्हणजे एका अखंड डॉलरपेक्षा दीड ग्रॅम कमी. दर्शनी किंमत सारखी असूनही धातूची किंमत सारखी नाही.

१९६५ च्या नाणेकायद्याने डाइम आणि क्वार्टरमधील चांदी काढून टाकण्यात आली. अर्ध्या डॉलरमध्ये ती शेकडा ४० इतकी उरली आणि १९७० नंतर तीही गेली. म्हणून चलनातील डाइम, क्वार्टर किंवा अर्ध्या डॉलरवर १९६४ किंवा त्यापूर्वीचे साल असेल, तर ते नऊदशांश चांदीचे, हे साधे सूत्र ध्यानात ठेवावे. शंका वाटल्यास नाण्याची कड पाहावी. चांदीच्या नाण्याची कड सर्वत्र एकसारखी पांढरी दिसते. नव्या नाण्याच्या कडेत तांब्याची लालसर रेघ स्पष्ट उमटते. एक अपवाद सांगतो. पाच सेंटचे निकेलचे नाणे एरवी चांदीचे नसते. परंतु दुसऱ्या महायुद्धात निकेल युद्धसामग्रीसाठी हवे असल्याने १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत या नाण्यात शेकडा ३५ चांदी घातली गेली. अशा नाण्याच्या मागील बाजूस, इमारतीच्या घुमटावर, टांकसाळीचे मोठे अक्षर असते.

चांदीचे वजन कळले की त्या दिवसाच्या भावाने गुणावे. येईल ती नाण्याची किमान किंमत. सराफ तेवढीच मानतो आणि त्याचे काही चुकत नाही, कारण त्याचा व्यवहार धातूचा. आपण मात्र तेथेच थांबलो तर नुकसान आपले होते. ते कसे, हे समजण्यासाठी एकाच डॉलरची कहाणी ऐकावी लागेल.

संग्राहकांचा सर्वांत आवडता डॉलर म्हणजे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन हा मूळचा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा कोरीव कारागीर. नाण्याला त्याचेच नाव पडले. पुढील बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि मागे पंख पसरलेला गरुड. १८७८ साली अमेरिकन काँग्रेसने ब्लँड–ॲलिसन कायदा संमत केला. पश्चिमेकडील खाणींतून चांदी उदंड निघत होती आणि तिचा भाव घसरत होता. खाणमालक व कर्जबाजारी शेतकरी यांच्या दबावामुळे सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावेत, असे या कायद्याने ठरवले. लोकांना एवढी जड नाणी खिशात बाळगायची नव्हती. परिणामी नाणी पडत राहिली आणि हजार-हजारांच्या पोत्यांत भरून सरकारी तळघरांत साठत राहिली. १८७८ ते १९०४ या काळात सुमारे ५७ कोटी मॉर्गन डॉलर पाडले गेले. त्यांतील कित्येक कोटी नाण्यांना माणसाच्या हाताचा स्पर्शही झाला नाही.

ही नाणी पाच टांकसाळींत पडली आणि त्यांच्या खुणा मागील बाजूस, गरुडाखालील पुष्पचक्राच्या खाली असतात. सॅन फ्रान्सिस्कोची खूण 'एस', न्यू ऑर्लिन्सची 'ओ', नेव्हाडातील कार्सन सिटीची 'सीसी', तर १९२१ साली सामील झालेल्या डेन्व्हरची 'डी'. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसते. साल आणि खूण यांची जोडी ही नाण्याची पहिली ओळख. अमेरिकन नाण्याचे मोल विचारणाऱ्याने प्रथम या दोन गोष्टी वाचून घ्याव्यात.

आता आपल्या देशाकडे वळू. अमेरिकेत चांदीचे डॉलर साठत होते, त्या काळात चांदीचा मोठा ग्राहक होता हिंदुस्थान. आपला रुपया चांदीचा होता आणि कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत गेल्यास तिचे रुपये पाडून मिळत. चांदीचा भाव घसरत गेल्याने रुपयाचीही किंमत घसरू लागली, तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने ही मुभा बंद केली. एवढा मोठा ग्राहक हातचा गेल्याने जगभर चांदीचा भाव कोसळला. अमेरिका त्या वेळी मंदीच्या तडाख्यात होती. सरकारला चांदी विकत घेणे भाग पाडणारे, १८९० च्या शर्मन कायद्यातील कलम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाले.

पंचवीस वर्षांनी चित्र नेमके उलटे झाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी यांची निर्यात वाढली. मेसोपोटेमियातील सैन्याचा खर्चही येथूनच रुपयांत भागवला जात होता. शेतकऱ्याला आणि मजुराला मोबदला हवा होता तो खणखणीत रुपयांत. सरकारने १९१७ अखेर एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. परंतु १९१८ च्या वसंतात युद्धाच्या वाईट बातम्या येऊ लागल्या, तशी लोकांनी नोटा मोडून रुपये घेण्यासाठी गर्दी केली. तिजोरीतील रुपये झपाट्याने आटू लागले. नोटेच्या बदल्यात रुपया देता आला नसता, तर युद्ध ऐन भरात असताना सरकारची पत बुडाली असती. इंग्लंडने अमेरिकेकडे चांदी मागितली.

अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा केला. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. तळघरातील पोती बाहेर निघाली आणि २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानासाठी. ती सुमारे वीस कोटी औंस भरली.

आपला रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे १८० ग्रेनचा. त्यात अकरा-बारांश चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. डॉलरमधील ३७१.२५ ग्रेनला १६५ ने भागून पाहा. उत्तर येते बरोबर सव्वादोन. एक डॉलर वितळला की सव्वादोन रुपये! त्या हिशेबाने हिंदुस्थानात आलेल्या चांदीचे ५८ कोटींहून अधिक रुपये होतात. पंचम जॉर्जच्या मुखाचे जे रुपये १९१८ ते १९२० या वर्षांत मुंबई आणि कलकत्त्यात प्रचंड संख्येने पडले, त्यांच्या पोटात ही अमेरिकन चांदी आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे एका फटक्यात नाहीसे झाले. आणि ते वितळवताना कोणत्या सालाची व कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद ठेवली गेली नाही. तेव्हापासून टांकसाळीच्या जुन्या वहीतील आकडा आणि प्रत्यक्ष उरलेली नाणी यांचा मेळ बसत नाही. 'किती पाडली' हा प्रश्न सोपा आहे, छापील पुस्तकात त्याचे उत्तर मिळते. 'किती उरली आणि कोणत्या अवस्थेत' हा खरा प्रश्न. मोल ठरते ते त्याच्या उत्तराने.

एकाच सालची दोन उदाहरणे घेऊ. १८८४ साली कार्सन सिटीत ११,३६,००० डॉलर पडले, तर सॅन फ्रान्सिस्कोत ३२,००,०००. वहीप्रमाणे पहिले दुर्मीळ, दुसरे सुलभ. वस्तुस्थिती वेगळी आहे. कार्सन सिटीची बहुतेक नाणी पोत्यांतच राहिली. १९६४ साली सरकारने तिजोरीतून डॉलर देणे थांबवले, तेव्हा या एका सालची नऊ लाखांहून अधिक कोरी नाणी शिल्लक निघाली आणि १९७२ पासून सरकारने ती लोकांना विकली. सॅन फ्रान्सिस्कोची नाणी मात्र बाजारात फिरली, झिजली, वितळली. आज १८८४ चे झिजलेले 'एस' नाणे थोडक्या पैशांत मिळते. तेच अगदी कोरे असेल, तर हजारो डॉलर मोजावे लागतात. कार्सन सिटीचे कोरे नाणे त्याच्या कितीतरी कमी किमतीत येते.

दुसरे उदाहरण १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स डॉलरचे. वहीत संख्या होती ४४,५०,०००. तरीही नाणे कोठे दिसेना. बहुतेक सारी १९१८ मध्ये वितळली, असा संग्राहकांचा समज झाला आणि कोऱ्या नाण्याची किंमत सूचीत दीड हजार डॉलरांपर्यंत चढली. १९६२ च्या अखेरीस तिजोरीतून या नाण्यांची पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव धाडकन कोसळला. दुर्मिळता ही नाण्याच्या अंगची वस्तू नसून आपल्या माहितीची एक अवस्था असते, हा धडा त्या वर्षी अनेकांना महागात मिळाला.

याउलट १८९३ चा सॅन फ्रान्सिस्को डॉलर. तो पडलाच अवघा एक लाख, आणि नंतर कोणत्याही पोत्यातून त्याचा मोठा साठा निघाला नाही. झिजलेले नाणेही हजारो डॉलरांना जाते. २०२१ साली एका उत्कृष्ट नाण्याला लिलावात वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

साल आणि खूण यांच्यानंतर येते ती अवस्था. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची मोजपट्टी सुचवली. आज सर्वच अमेरिकन नाण्यांना ती लावतात. जेमतेम ओळखू येणारे नाणे एक गुणाचे आणि निर्दोष नाणे सत्तर गुणांचे. साठ आणि त्यापुढील गुण न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले असतात. १९८६ च्या सुमारास अशी गुणवत्ता ठरवून नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत देणाऱ्या व्यावसायिक संस्था निघाल्या.

आपल्याला घरी बसून एवढे सूक्ष्म गुण देता येणार नाहीत. परंतु झीज ओळखता येते. मॉर्गन डॉलरवर देवतेच्या कानावरील केसांच्या बटा आणि गरुडाची छाती हे सर्वांत उंच भाग. झीज प्रथम तेथे होते. बटांच्या रेघा सुट्या दिसत असतील आणि छातीवर पिसे मोजता येत असतील, तर नाणे चांगले. कोरे नाणे दिव्याखाली सावकाश फिरवल्यास चकाकीचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. साचा जोराने आदळतो, तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. त्यांवरून परतणारा तो प्रकाश असतो. पोत्यात नाण्यावर नाणे आदळून पडलेले ओरखडे वेगळे आणि वापराने झालेली झीज वेगळी. ओरखड्यांनी गुण कमी होतात, पण नाणे कोरेच राहते.

येथे मला हात जोडून एक विनंती करायची आहे. आपल्याकडे दिवाळीत पूजेची चांदी चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून लख्ख घासण्याची रीत आहे. तबक, निरांजन आणि फुलपात्र जरूर घासावे. जुने नाणे कधीही घासू नये. घासल्याने त्या सूक्ष्म रेषा पुसल्या जातात आणि त्या पुन्हा कोणत्याही उपायाने येत नाहीत. डोळ्यांना नाणे उजळ दिसते, जाणकाराला मात्र ते रंगरंगोटी केलेल्या जुन्या शिल्पासारखे वाटते. शेकडो डॉलरांचे नाणे दोन मिनिटांत चांदीच्या भावावर येऊ शकते. चांदीवर वर्षानुवर्षांत चढणारी सोनेरी, निळसर, काळपट छटा हवेतील गंधकामुळे येते. ती स्वाभाविक असते आणि सुंदर असली, तर संग्राहक तिच्यासाठी अधिक पैसेही मोजतो.

आता खोट्या नाण्यांविषयी. मॉर्गन डॉलर, तसेच चीनच्या व्यापारासाठी १८७३ ते १८७८ या काळात चलनात आणलेले ४२० ग्रेनचे 'ट्रेड डॉलर', यांच्या नकला आज जगभरच्या बाजारांत आहेत आणि आपल्या शहरांतील जुन्या बाजारांतही त्या दिसतात. १८०४ चा डॉलर कोणी स्वस्तात देऊ करील, तर स्मित करून पुढे जावे. त्या सालचे अस्सल डॉलर जगात मोजकेच आहेत आणि त्यांपैकी एकही १८०४ मध्ये पडलेला नाही. १८३४ च्या सुमारास मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नजराणा देण्यासाठी काही पाडले गेले, उरलेले त्याहूनही नंतरचे.

पारखण्यासाठी घरगुती साधने पुरेशी आहेत. एक शतांश ग्रॅम दाखवणारा तराजू, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग आणि लोहचुंबक. डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, वापराने वजन किंचित कमी भरेल. चुंबकाला चांदी चिकटत नाही. यापुढची परीक्षा आपण आठवीच्या विज्ञानात शिकलो आहोत, आर्किमिडीजची. तराजूवर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडेल असे पाण्यात धरावे. तराजू जो आकडा दाखवील, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. अस्सल डॉलरसाठी ते सुमारे २.६ ग्रॅम येते, कारण नऊदशांश चांदीची घनता १०.३ च्या आसपास असते. तांबे-निकेलची तेवढ्याच वजनाची नक्कल तीन ग्रॅमच्या जवळ जाते. आपल्या विज्ञानशिक्षकांनी हा प्रयोग जुना रुपया घेऊन अवश्य करावा.

अधिक कावेबाज लबाडी म्हणजे अस्सल नाण्यावर खूण चिकटवणे किंवा सालातील आकडा कोरून बदलणे. तेथे वजन आणि घनता दोन्ही बरोबरच येतात. अशा वेळी साच्याचा अभ्यास उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरची चलनातील सर्व अस्सल नाणी पुढील बाजूच्या एकाच साच्यातून पडली. त्यामुळे मुकुटावरील 'लिबर्टी' शब्दातील 'टी'च्या माथ्यावर एक बारीक तिरकी रेघ त्या सर्वांवर आढळते. ती नसेल, तर नाणे संशयास्पद. एवढ्या मोलाचे नाणे घेताना मात्र विश्वसनीय संस्थेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

किंमत विचारताना आणखी एक भेद लक्षात ठेवावा. १९४६ पासून प्रसिद्ध होणारे येओमन यांचे लाल मुखपृष्ठाचे मार्गदर्शक पुस्तक संग्राहकांत सर्वमान्य आहे. पण त्यातील आकडे साधारणतः विक्रेत्याने मागायच्या किमती असतात. आपण विकायला गेलो, तर त्याहून कमी मिळते, कारण विक्रेत्यालाही दुकान चालवायचे असते. प्रत्यक्ष लिलावात तशाच सालाचे, तशाच अवस्थेचे नाणे अलीकडे कितीला गेले हे पाहणे अधिक भरवशाचे.

झटपट श्रीमंतीच्या आशेने या छंदात कोणी येऊ नये. टेक्ससच्या हंट बंधूंनी चांदी साठवण्याचा सपाटा लावला, तेव्हा जानेवारी १९८० मध्ये औंसाचा भाव पन्नास डॉलरांच्या घरात गेला. त्याच वर्षी मार्च अखेरीस तो अकराच्या आसपास आला. त्या तेजीत कित्येक घरांतील डॉलर, अर्धे डॉलर, क्वार्टर भट्टीत गेले. १९१८ नंतरचे हेही एक मोठे वितळणे. विकणाऱ्यांना चांदीचा भाव मिळाला. पण त्या ढिगात कोणती साले आणि कोणत्या खुणा होत्या, हे कितीजणांनी पाहिले असेल?

पालकांनी विचारावे, मुलांना आरंभ कशाने करून द्यावा? दुर्मीळ सालांच्या मागे न लागता प्रत्येक घडणीचे एक नाणे घ्यावे. १९१६ ते १९४५ ची 'मर्क्युरी' म्हणून ओळखली जाणारी डाइम, १९१६ ते १९४७ चा चालत्या स्वातंत्र्यदेवतेचा अर्धा डॉलर, आणि १९२१ चा मॉर्गन. हा शेवटचा मुद्दाम सुचवतो. वितळवलेल्या प्रत्येक डॉलरमागे अमेरिकन खाणींतून चांदी घेऊन नवा डॉलर पाडावा, अशी पिटमन कायद्याची अट होती. म्हणून सतरा वर्षांच्या खंडानंतर १९२१ मध्ये ८ कोटी ६० लाखांहून अधिक मॉर्गन डॉलर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अँथनी डी फ्रान्सिस्की यांच्या घडणीचा 'पीस' म्हणजे शांतता डॉलर आला. ही नाणी विपुल आहेत, परवडणारी आहेत, आणि हिंदुस्थानाला दिलेल्या चांदीची भरपाई म्हणून जन्मलेली आहेत.

नाणे नेहमी कडेला धरावे; बोटांचा घाम पृष्ठभागावर कायमचा ठसा उमटवतो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये; त्यातून चिकट हिरवट थर चढतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद दूर ठेवावा. दमट हवेच्या शहरांत डब्यात सिलिका जेलची पुडी घालावी. आणि एक वही करावी : नाणे कोठून आले, कोणी दिले, केव्हा, कितीला, वजन किती. पुढच्या पिढीला नाण्याबरोबर ही वही मिळाली, तर ते नाणे मोडीत जाण्याची शक्यता फार कमी होते. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याच्या व्याख्येत येते. तेव्हा असे नाणे परदेशी पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी.

शेवटी एक काम सोपवतो. आजीच्या डब्यात, देव्हाऱ्यात किंवा जुन्या पेटीत पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर तो काढून पाहा. साल १९१८, १९१९ किंवा १९२० असेल, तर मागील बाजूस तळाच्या कमळाखाली एक लहानसा उठावदार ठिपका आहे का ते भिंगाने शोधा. ठिपका असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. त्याच्या शेजारी १९२१ चा डॉलर ठेवा आणि मुलांना सव्वादोनचा हिशेब करायला सांगा. दोन्ही नाणी सराफाच्या तराजूत चांदीच भरतील. मुलांच्या वहीत मात्र त्यांच्यापुढे एक नोंद अधिक असेल. ती नोंद झाली, की कोणी किंमत विचारल्यास काय सांगायचे हे त्यांना ठाऊक असेल.